तुझ्या एक्सेलमध्ये पाण्याचा रकाना नाही

प्रिय मित्रा,

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेली तुझी फाइल सकाळी चहाबरोबर उघडली. मालदीवची अकरा रिसॉर्ट्स आणि प्रत्येकाचे सतरा रकाने. खोलीचं क्षेत्रफळ, पूल खासगी की सामाईक, बाथटब आत की उघड्यावर, नाश्ता तरंगत्या ताटात मिळतो का, नेटचा वेग. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: ‘सर, डोकं चालत नाहीये. सगळी सारखीच दिसतात. आणि एवढ्या शांत ठिकाणी चार दिवस करायचं काय?’

जावं की जाऊ नये, गावच्या घराची कौलं आधी बदलावीत का, यावर मी एक ओळ लिहिणार नाही. पैसे तुम्हा नवराबायकोच्या कष्टाचे आहेत आणि तिला चार दिवस कुणाचा फोन नको आहे, एवढं कारण मला पुरतं. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. साडेतीन वर्षं माझ्या हाताखाली होतास. प्लॉटवर पाय न ठेवता कॉलम टाकणाऱ्या पोरांना मी कसा सोलायचो ते डोळ्यांनी पाहिलंस. आधी साइट, मग ड्रॉइंग. आणि आता स्वतःच्या खिशातून जायची वेळ आली तर अकरा इमारतींचे प्लॅन घेऊन बसलायस. साइट कुठाय? सतरा रकान्यांत पाण्याचा एक रकाना नाही!

तिथली साइट म्हणजे वाळू नव्हे, खोली तर नव्हेच. तिथली साइट म्हणजे रीफ, प्रवाळाचा कट्टा. अख्खा देशच त्या कट्ट्यावर उभा आहे. सुमारे बाराशे बेटं, सव्वीस कंकणद्वीपांत, म्हणजे अटॉलांत विखुरलेली, आणि देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटर, म्हणजे आपल्या ऑफिसच्या फॉल्स सीलिंगएवढी. ‘अटॉल’ हा शब्दसुद्धा इंग्रजीने त्यांच्या धिवेही भाषेतून उचललाय. १९७२ साली तिथं पहिलं रिसॉर्ट निघालं, तेव्हापासून पद्धत अशी की एक बेट, एक रिसॉर्ट. गाव नाही, बाजार नाही, संध्याकाळी पाय मोकळे करायला चौक नाही. तू निवडलेली बेटं नकाशावर मोजली मी. बहुतेक चार-पाचशे मीटर लांब. रमतगमत चाललास तरी पंधरा मिनिटांत निघालेल्या जागी परत. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या मारशील, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी, आणि मग झोपाळ्यावर पडून मला मेसेज करशील की सर, आता काय?

तुझ्या ‘करायचं काय’चं उत्तर त्या पंधरा मिनिटांच्या वर्तुळाच्या बाहेर आहे, पाण्याखाली. म्हणून म्हणतो, खोली नको बघूस, पाणी बघ.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो, म्हणजे ‘सर नेहमीप्रमाणे ज्ञान देतायत’ असं वाटायला नको. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं गेलो होतो. मे का? तर दर निम्म्याने कमी होते म्हणून. तो नैर्ऋत्य मोसमीचा महिना आहे हे मला ठाऊक नव्हतं का? कोकणात जन्मलेल्या माणसाला? ठाऊक होतं, पण दर बघितला आणि डोळे मिटले. शिवाय हट्टाने पाण्यावरची खोली घेतली, खांबांवर उभी असलेली, जमिनीत काच बसवलेली. मला ते खांब बघायचे होते, लाटांचा मारा कसा घेतात, खारं पाणी काँक्रीटला कुठे खातं. तुझ्या काकूला विचारलंसुद्धा नाही.

त्या काचेखाली काय होतं? पांढरी वाळू. आणि एक समुद्रकाकडी. काळी, गुबगुबीत, वीतभर. पहिल्या संध्याकाळी ती काचेच्या डाव्या कोपऱ्यात होती, चौथ्या दिवशी निघालो तेव्हा उजव्या कोपऱ्यात. तेवढाच आमचा शेजार. बेटाभोवतीचा लगून, म्हणजे रीफच्या आतलं शांत पाणी, कंबरभर, नुसता वाळूचा. रीफ होतं ते पार लांब, फेसाची रेघ दिसायची तिथं, आणि पाऊस-वाऱ्यामुळे तिकडे जाणारी बोट तीनही दिवस बंद.

काकू देवबागची. कर्लीच्या खाडीत पोहायला शिकलेली. ती तीन दिवस त्या लाकडी डेकच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसली होती आणि मी रिसेप्शनवर भांडत होतो. सीप्लेनसाठी विमानतळावर साडेतीन तास बसवलं, त्याचे पैसे परत द्या म्हणून! माझ्या मुद्द्यात तथ्य होतं, हे मी आजही सांगेन. पण चौथ्या दिवशी परतीच्या विमानात ती एवढंच म्हणाली, ‘पाण्यात जाऊक गावला नाय.’ रागाने नाही. बाजारात कोथिंबीर नव्हती म्हणतात तशा आवाजात.

दोन वर्षांनी तिच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा तू सतरा रकाने केलेस ना, त्यातला एकही नसता तरी चाललं असतं.

आता कामाचं बोलू. उपग्रहाचा नकाशा उघड. तुला तीन रंग दिसतील: पांढरट, फिरोजी आणि गर्द निळा. फिरोजी म्हणजे उथळ लगून. गर्द निळा सुरू होतो तिथं कट्टा संपून खोल पाणी लागतं, आणि मासे असतात ते त्या कडेला. किनाऱ्यापासून त्या कडेपर्यंतचं अंतर मोज. तीस-पन्नास मीटर असेल तर डोळे झाकून यादीत ठेव. पाचशे असेल तर कितीही सुंदर बाथटब असला तरी काट. तुझ्या अकरांपैकी सहा मी याच मोजमापात काटली, आणि त्यांत तुझं लाडकं, तरंगत्या ताटाचं, पहिलंच.

मग उरलेल्या पाचांना मेल टाक. चारच प्रश्न. तुमच्या बेटाला लागून रीफ आहे का? किनाऱ्यापासून किती मीटर? कुठल्या बाजूने उतरायचं? ओहोटीला उतरता येतं का? ज्याला माहीत आहे तो दोन ओळींत उत्तर देतो: अमुक जेटीच्या डावीकडे, दोन बोयांच्या मधून, भरतीला. ‘आमच्याकडे रोज मोफत स्नॉर्केलिंग बोट जाते’ (स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खाली बघणं) असं गोड उत्तर आलं, तर समज की रीफ नाही. साइट दाखवायच्या आधी ब्रोशर पुढे करणाऱ्या बिल्डरवर तू भरवसा ठेवशील का? मग इथं का ठेवतोस?

पैशांचं घाईघाईत सांगून टाकतो, कारण तुझ्या बेरजेत चूक आहे. दरापुढे दोन अधिकचिन्हं दिसतायत, ती सजावट नाही. दहा टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर सतरा टक्के कर (जुलै २०२५ पासून). म्हणजे शंभर डॉलरचे १२८.७० होतात, जेवणापासून लिंबूपाण्यापर्यंत. वर माणशी रोज बारा डॉलर हरित कर, म्हणजे तुमच्या दोघांचे चार रात्रींचे ९६. सीप्लेनचे वेगळे. ती विमानं फक्त उजेडात उडतात. दुपार कलल्यावर राजधानी मालेला उतरलास तर रात्र तिथेच काढावी लागेल आणि एक महागडी रात्र फुकट. सामान वीस किलो अधिक हातात पाच. त्यापेक्षा विमानतळापासून स्पीडबोटने जाता येईल असं बेट मिळालं आणि त्याला रीफ असलं, तर ते घे. दारूची बाटली नेऊ नकोस, कस्टमवाले ठेवून घेतात. घड्याळाचं एक गमतीचं: मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, आणि पुष्कळ रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. तेव्हा परतीची बोट कुठल्या घड्याळाने सुटते हे आदल्या रात्री विचार.

महिना? फेब्रुवारी-मार्च. पाणी नितळ, वारा कमी. मे ते नोव्हेंबरात बा अटॉलच्या हनिफारूच्या खाडीत मांटा, म्हणजे पंख पसरल्यासारखे पोहणारे मोठे चपटे मासे, येतात, तिथं पाठीवर टाकी बांधून बुडी मारायला, स्कूबाला, बंदी, फक्त स्नॉर्केल. त्यासाठी पावसात जाणारे शहाणे लोक आहेत. पण ते ठरवून जातात. मी गेलो तसं स्वस्ताईच्या मागे नाही.

आणि कृपा करून मास्क पहिल्यांदा तिथे जाऊन लावू नकोस. जायच्या आधी दोघं मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत आपलीही पोवळी आहेत. सागरी अभयारण्य आहे ते, १९८७ पासूनचं. तिथले पोरगे अर्ध्या तासात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची, धुवायची, मग धुकं धरत नाही. तोंड वेडंवाकडं करू नकोस, सगळे हेच करतात. आणि तुझी ती नवी मिशी काढ. मिशीवर मास्क बसत नाही, पाणी आत येतं. चाळीस वर्षांची माझी मिशी मी त्यापायी उतरवली. ऑफिसात तुम्ही पोरं काय काय कुजबुजत होतात ते मला कळत होतं. कारण हे होतं.

२०१९ ला परत गेलो. सगळे म्हणाले, म्हातारचळ लागलाय. मुलगी म्हणाली, बाबा, आईला पाण्यात जाता येत नाही, मग कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे आजही सरळ उत्तर नाही. तू विचारलं असतंस तर तुलाही झापलं असतं. काकूच म्हणाली की जाऊया, असं मी सगळ्यांना सांगतो आणि ते खरं आहे. पण तिने म्हणावं म्हणून मी दोन महिने त्या बेटाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला होता, हेही खरं आहे.

यावेळी खोली साधी, वाळूवरची, झाडाखालची. कडा किनाऱ्यापासून चाळीस मीटर. सकाळी जाग यायची ती वाळूवर खराटा ओढल्याच्या आवाजाने. एक बांगलादेशातल्या सिल्हेटचा माणूस रोज पहाटे रात्रभरात पडलेली पानं गोळा करायचा, वाळूत सरळ रेघा उठायच्या, आपल्याकडे अंगण झाडल्यावर उठतात तशा. त्यावर पहिलं पाऊल टाकायला संकोच व्हायचा. एवढी शांतता, की दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखाच मीही अस्वस्थ झालो. हात फोनकडे जायचा. मग सरळ पाण्यात उतरायचो.

घोट्याएवढ्या पाण्यात हातभर लांबीच्या मुशी, म्हणजे छोटे शार्क, फिरत असतात, काळ्या टोकांच्या. आपण जिचं मोरीमटण करतो तिची धाकटी भावंडं. घाबरू नकोस, त्याच पळतात. पुढे छातीभर पाणी, मग पोवळी, आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते. निळं, नुसतं निळं खाली उतरत जातं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. इतक्या उंच इमारती बांधल्या, पण गच्चीला कठडा नाही असं कधी नव्हतं. तिथं स्थिर राहा. हातपाय मारू नकोस, पोवळ्यावर उभा तर अजिबात राहू नकोस. कान दे. कुटकुट कुटकुट आवाज येतो, शेजारी कुणी फुटाणे खातंय असा. ते पॅरटफिश, पोपटाच्या चोचीचे मासे. पोवळं चावून त्यावरचं शेवाळ खातात आणि मागून बारीक वाळू सोडतात. तुझ्या ब्रोशरमधली ती पांढरीशुभ्र वाळू, जिच्यासाठी तू रात्रीला एवढे डॉलर मोजणार आहेस, तिच्यातली बरीचशी अशी तयार झालेली आहे. हे मी काकूला सांगितलं तेव्हा तिने मुठीतली वाळू झटकन टाकली आणि मग पोट धरून हसली.

चित्रातले रंग मात्र मागू नकोस. १९९८ ला पाणी तापलं आणि तिथली बहुतेक पोवळी पांढरी पडून मेली, सावरत होती तोवर २०१६ ला पुन्हा. काही भाग राखाडी खडीच्या ढिगासारखा आहे. तरी मासे आहेत, त्या ढिगातून बोटभर नवी पोवळी वर येताना दिसतात. तू माझ्यापेक्षा तरुण आहेस म्हणून उशीर करू नकोस, एवढंच. खोल्या वाढतच राहतील रे.

ती रोज टॉवेल घेऊन झाडाच्या सावलीत बसायची. मी बाहेर आलो की पहिला प्रश्न, ‘काय दिसला?’ पहिल्या दिवशी म्हणालो, ‘मासे.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून मी पाण्यात असतानाच शब्द जुळवायला लागलो. पिवळा, म्हणजे हळदीसारखा नाही, आंब्याच्या सालीसारखा. काळे पट्टे, तीन. चार होते का? मग परत जाऊन मोजून यायचं. साइट रिपोर्ट इतके चोख मी नोकरीतही लिहिले नाहीत. शेवटच्या दिवशी कासव दिसलं, वीस मिनिटं त्याच्या वर तरंगत राहिलो, आणि बाहेर येऊन सांगायला लागलो तर ती म्हणाली, ‘थांब, आधी कान पूस.’

पाचांची उत्तरं आली की मला पाठव. खोलीचे फोटो नकोत.

तुझा,
सर