फोटो पाठवण्याआधी

प्रश्न : कितीही बजावलं तरी सातवीतली मुलं एकमेकांचे फोटो न विचारता ग्रुपवर टाकतात. शिकवायचं कसं?

उत्तर : नुसतं ‘टाकू नका’ म्हणून भागत नाही, कारण फोटोचं पुढे काय होतं ते मुलांना दिसत नाही. ते दाखवा. फळ्यावर एक ठिपका काढा. प्रत्येकाने तो नव्या ५ जणांना पाठवला, तर ५, २५, १२५, चौथ्या फेरीला ६२५. हिशेब मुलांनाच करू द्या. मग विचारा, पहिल्याने आता डिलीट केला तर? त्याच्या ग्रुपमधला जाईल. इतरांनी सेव्ह केलेल्या प्रती, स्क्रीनशॉट राहतील. इथे थांबा, घाई करू नका.

दुसऱ्या तासाला तुमचाच फोटो छापून आणा, मुलांचा नको. गळ्यातलं ओळखपत्र, मागची पाटी, गाडीचा नंबर त्यांना शोधू द्या.

नियम एकच ठेवा : फोटोतल्या प्रत्येकाला विचारायचं, आणि ‘नको’ म्हटल्यावर कारण मागायचं नाही.

धमकीचा मेसेज आला तर आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. चॅट आधीच पुसलं, तर पुरावाही जातो. आणि कृपा करून तक्रार करणाऱ्याचाच फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ते मूल बोलणारच नाही.