सेवापुस्तकात नोंद होईल का?

"मॅडम, मी तुमच्याकडे आले हे सेवापुस्तकात येईल का?"

खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला नवा नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका विचारतात, पोलीस विचारतात. पण सगळ्यात जास्त वेळा मी तो सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांकडून ऐकते. दिवसभर दुसऱ्यांच्या आजारपणात उभी राहणारी ही माणसं स्वतःच्या त्रासाबद्दल बोलताना आवाज एकदम खाली आणतात.

त्यांना इथे सिस्टर म्हणते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, सोळा वर्षं नोकरी, घर धायरीत. मुलीने हट्टाने आणलं होतं, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून होती.

झालं होतं ते असं. कॅज्युअल्टीतली नाईट. एका तरुण मुलाला आणलं, तो आधीच गेलेला होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर नातेवाइकांतल्या एकाने सिस्टरांचा दंड धरला आणि कानाखाली मारली. ऑक्सिजन लवकर लावला नाही म्हणून. सुरक्षारक्षक गेटवर होता, तो येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. पुढे सिस्टरांनी चेहरा धुतला, राहिलेली औषधं दिली आणि सकाळी नेहमीसारखी ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवलं. वरिष्ठ म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, पोरगा गेला होता त्यांचा." सिस्टरांनाही ते पटलं. विषय तिथेच संपला, कागदावर काहीच आलं नाही.

चार महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्या रुग्णालयाच्या एक स्टॉप आधी बसमधून उतरत होत्या, कारण थेट गेटसमोर उतरलं की पाय हलत नसत. इंजेक्शन भरताना हात थरथरे, म्हणून प्रत्येक डोस तीनदा तपासायच्या. झोप दोन-अडीच तास. आणि डोक्यात एकच वाक्य: मी तेव्हाच तक्रार करायला हवी होती, नाही केली, आता भोगा.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण ते मिळेपर्यंत त्या पुढचं काही ऐकणार नव्हत्या. सेवापुस्तकात नेमणूक, वेतननिश्चिती, वेतनवाढी, बदल्या, रजेचा हिशेब असतो. तुम्ही कोणाशी मन मोकळं केलंत याची नोंद तिथे होत नाही. माझ्याकडून तर ती बाहेर जाणारच नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. त्याला अपवाद आहेत, तेही सांगितले: कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल. ऑफिसची उत्सुकता त्यात बसत नाही.

"आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन रजा घेतली तर?"

तर वैद्यकीय कारणास्तव रजा अशी नोंद होईल, पाठदुखीसाठी घेतली असती तर झाली असती तशीच. सिस्टरांना अर्धपगारी रजेचं नीट माहीत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याच्या खात्यात ती वर्षाला २० दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचं रूपांतर पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत करता येतं, मात्र एका दिवसामागे अर्धपगारीचे दोन दिवस खर्ची पडतात. सोळा वर्षांत त्यांनी ती फक्त एकदा, टायफॉइडमध्ये वापरली होती.

तरी भीती जाईना. "मानसिक म्हटलं की काढून टाकतील." मग दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा काढला. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तरी सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. सिस्टरांचा त्रास त्या टोकाचा मुळीच नव्हता. भीती टोकाची होती, म्हणून टोकाचा नियम सांगावा लागला.

झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हटलं, तशा त्या ताठ झाल्या. "मला येरवड्याला पाठवताय का?" पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. तिथलं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं, आणि भांडणात त्या गावाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. रोज रुग्णांना "घाबरू नका, साधी गोळी आहे" म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून ते आलं तेव्हा मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "मी माझ्या पेशंटला असं बोलू दिलं नसतं." पुढच्या आठवड्यात त्या तज्ज्ञांकडे जाऊन आल्या.

त्या रात्रीचा प्रसंग मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला नाही. एकाच बैठकीत सगळं ओकून टाका म्हणजे मोकळं वाटेल, ही समजूत फार पसरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा एकवेळच्या बैठकीची शिफारस करत नाही. आम्ही उलट बाजूने गेलो. आधी झोप. मग दुपारच्या गर्दीत, मैत्रिणीला बरोबर घेऊन कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत. मग आत दहा मिनिटं. मग एकटीने. ते काम तीन महिने चाललं.

पण खरं वळण मला वाटतं एका कागदामुळे आलं. कोलकात्यातल्या निवासी डॉक्टरच्या हत्येनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आदेश काढला: कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेनेच एफआयआर नोंदवायचा आणि जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तो आदेश केंद्राच्या रुग्णालयांच्या प्रमुखांना उद्देशून होता, तो तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट केलं. शिवाय आपल्या राज्याचा २०१० चा कायदा आहेच. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरचा हल्ला त्यात अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. परिचारिकाही त्यात येतात.

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "म्हणजे तक्रार माझ्या एकटीच्या अंगावर नव्हती?"

नव्हती. गालावर सूज घेऊन औषधं वाटणाऱ्या बाईने पोलीस ठाण्यात जायची हिंमत करावी आणि नाही केली तर चार महिने स्वतःला कोसावं, हे कुठल्याही संस्थेने आपल्या माणसाकडून मागायचं नसतं.

त्यानंतर आम्ही अर्ज लिहायला बसलो. अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या नावाने, तीन मागण्या: घटनेची लेखी नोंद व्हावी, तीन महिने कॅज्युअल्टीची नाईट देऊ नये, आणि रात्री तिथे एकटी परिचारिका ठेवू नये. पहिल्या मसुद्यात त्यांनी "माझ्या कमकुवतपणामुळे" असं लिहिलं होतं. ते शब्द त्यांनाच खोडायला लावले. निदानाचं नाव घालायची गरज नाही, "वैद्यकीय सल्ल्यानुसार" पुरतं. आणि आग्रहाने सांगितलं, दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी विनंती ड्युटी लिस्ट बदलली की विरते. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

अधिसेविकांनी बोलावून घेतलं. रागावतील असं वाटत होतं. त्यांनी अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या बाबतीत पूर्वी घडलेली एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी कधीच लिहून दिली नव्हती. पुढच्या लिस्टमध्ये सिस्टरांना ओपीडी मिळाली. घटनेची नोंद झाली. तिसऱ्या मागणीला उत्तर आलं: मनुष्यबळ उपलब्ध नाही.

हे सगळं कायम नोकरीत असलेल्या बाईंच्या बाबतीत शक्य झालं. सिस्टरांच्याच वॉर्डातली एक मुलगी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. तिलाही एका नातेवाइकाने ढकललं होतं. तिच्यासाठी रजेचा असा साठा नाही, आणि अर्ज द्यावा की नाही हे ती पुढच्या कंत्राटाकडे बघून ठरवते. अशा कोणाला निदान रात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. ती माझी अपुरी मदत आहे, मला माहीत आहे. कंत्राटात सुरक्षिततेचं कलम असायला हवं, आणि ते मी लिहू शकत नाही.

सिस्टर आता पुन्हा कॅज्युअल्टीची नाईट करतात. शेवटच्या भेटीत त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून नवा अर्ज काढून दाखवला: रात्री दोन परिचारिका हव्यात. खाली अकरा सह्या, वर आवक क्रमांक.

मी त्यात त्या कंत्राटी मुलीचं नाव शोधत होते. सिस्टरांच्या ते लक्षात आलं.

"तिला मीच नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये संपतंय तिचं."