बेळगावात नवीन आहे. कन्नड पेपरातले निवडणुकीचे शब्द मराठीसारखेच दिसतात, मग अर्थ का चुकतो?

‘सचिवांना मंत्रिमंडळातून वगळलं’ या बातमीवर तुम्ही अडखळलात, असं लिहिलंय. अहो, कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री! आपला सचिव तिकडं ‘कार्यदर्शी’ होतो.

आमच्या काकांचीही अशीच फजिती झाली होती. ‘उद्या सचिवरु येणार’ असा निरोप आला. काकांना वाटलं, सोसायटीचा सचिव असेल, थकबाकीचं बोलायला येतोय. ते आपले बनियनवर अंगणात शेंगा फोडत बसलेले, आणि दारात लाल दिव्याची गाडी. शर्ट शोधेपर्यंत मंत्री शेंगा खायला लागलेसुद्धा.

‘शासक’चंही तसंच. मराठीत शासक म्हटलं की राजा-बादशहा आठवतो, इथं तो साधा आमदार. खासदार ‘संसद’, म्हणजे आपण सभागृहाला म्हणतो ते यांच्याकडं माणसाला. ‘मसुदे’ हा कच्चा खर्डा नव्हे, सभागृहात मांडलेलं विधेयक. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधान सौधमध्ये, म्हणजे कर्नाटकाच्या बेळगावातल्या विधानभवनात, अधिवेशन भरलं की हा शब्द रोज दिसेल. अध्यादेशाला मात्र यांचा शब्द झकास आहे: ‘सुग्रीवाज्ञे’. सुग्रीवाची आज्ञा! वटहुकूम त्यापुढं फिकाच.

अपक्षाला ‘पक्षेतर’ आणि अनामत रकमेला ‘ठेवणी’ म्हणतात. ठेवणी तर आपल्याच ‘ठेव’ची बहीण. हे दोन शब्द बेळगावकर विसरूच शकत नाही. 1996 च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष वेधायला म्हणून इथं अर्जांचा पाऊस पाडला होता, 456 उमेदवार! मतपत्रिकेचं पुस्तकच झालं. तेव्हा ठेवणी अवघी 500 रुपये होती. त्याच वर्षी आताच्या तेलंगणातल्या नलगोंड्यात 480 उभे होते. मग कायदा बदलून लोकसभेची अनामत 10,000 केली, आता ती 25,000 आहे. एक षष्ठांश वैध मतं मिळाली नाहीत तर जप्त. पुन्हा तसा प्रयोग करायचा तर चंदा गोळा करावा लागेल.

आणि गावात कुणी नुसतं ‘समिती’ म्हणालं तर कुठली, असं विचारू नका. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती, दुसरी कुठली असणार?

‘मतगट्टे’ तेवढं राहिलं. मतदान केंद्र. त्यातला ‘गट्टे’ म्हणजे कट्टेच, आपला कट्टा.