लाँच चालवणारा दारू प्यायलेला नसेल, तर प्रवाशांनी बिअर घेण्यात धोका काय?

आपण विचारले आहे की, डिसेंबरमध्ये आपण दहा मित्र बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जाणार आहात, लाँच स्थानिक माणूसच चालवणार आहे, आपणा सर्वांना पोहता येते, मग पाण्यावरच्या तास-दीड तासात प्रत्येकी एखादी बिअर घेतली तर बिघडते कुठे. घेऊ नका, एवढेच माझे उत्तर आहे, आणि दिवसभराची चढण उतरून दमलेले असताना परतीच्या लाँचमध्ये तर मुळीच घेऊ नका. मी जावळी तालुक्यातला आहे, बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यावरून लाँचने ये-जा करीतच लहानाचा मोठा झालो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

एसटीत मागच्या बाकावर कोणी पिऊन झोपला तरी गाडीचा तोल बिघडत नाही, परंतु लाँचमध्ये बसलेला प्रत्येक माणूस हा तिच्या तोलाचाच भाग असतो. तो बसलेला असतो तोवर त्याचे वजन खाली असते. तो उभा राहिला की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि चार जण हसत एका बाजूला झुकले की ती बाजू पाण्याकडे कलते. शुद्धीवर असलेल्या माणसाला हे न सांगता कळते आणि तो आपोआप बसून घेतो. दारू सर्वांत आधी हीच जाणीव बोथट करते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली त्याचा दारूशी काहीही संबंध नव्हता, जीव वाचवण्यासाठी निघालेल्या माणसांची ती नाव होती; पण भार जास्त झाला की नाव उलटायला किती कमी वेळ पुरतो, हे आपल्या भागाला तेव्हा फार क्रूरपणे कळले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत प्राणघातक बोट-अपघातांचे जे प्रमुख कारण वर्षानुवर्षे पुढे येते ते दारूच आहे.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी तापोळ्याकडून येताना आमच्या पुढच्या लाँचमध्ये सहा-सात तरुण होते. त्यांपैकी एक जण लघवीसाठी कडेला उभा राहिला, एका हाताने छताचा पाईप धरून. त्याचा मित्र फोटो काढायला त्याच बाजूला आला, लाँच कलली आणि तो पाण्यात गेला. लाइफ जॅकेट त्याने बसायला उशीसारखे घेतले होते. चालकाने तत्काळ इंजिन बंद केले, कारण मागचा पंखा फिरता राहिला असता तर त्याचे पायच कापले गेले असते. दोर त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला होता, पण तो लाँचकडे पाठ करून पाणी झोडपत होता, आणि दोर हाताला लागला तेव्हा बोटे त्यावर मिटेनात. दरम्यान दुसरा मित्र शर्ट काढून उडी मारायला निघाला. त्याची मानगूट चालकाने धरून ठेवली नसती तर त्या दिवशी दोघे बुडाले असते. शेवटी बांबू पुढे करून त्याला ओढून घेतले. वर आल्यावर तो इतका कुडकुडत होता की दातांचा आवाज आमच्या लाँचपर्यंत येत होता. दोनच बाटल्या घेतल्या होत्या, असे त्याचे मित्र पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरे असावे.

दोन बाटल्यांचा हिशेब करून पाहा. साडेसहाशे मिलिलिटरच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे तीस मिलिलिटरचे जवळजवळ अडीच पेग. ८ टक्क्यांची 'स्ट्राँग' असेल तर एका बाटलीत चार पेग होतात. यकृत तासाला साधारण एका लहान पेगाइतकाच मद्यार्क निकालात काढते, आणि लिंबूपाणी, कॉफी किंवा तोंडावर गार पाणी मारल्याने तो वेग वाढत नाही. त्यात पाण्यावरचे ऊन, लाटांवरची चकाकी, इंजिनाचा धडधडाट आणि सततचे हेलकावे यांनी शरीर आधीच थकलेले असते, त्यामुळे जमिनीवर सहज पचणारी बाटली तिथे जास्त चढते.

'पोहता येते' या भरवशाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तोच सर्वांत घातक आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि विहिरीत दहा-बारा हात मारले की कठडा येतो. कोयनेच्या जलाशयात तो कधीच येत नाही. शिवाय आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतल्या द्रवात एक मऊ पडदा असतो आणि तोल त्याच्या हालचालीवरून कळतो. मद्यार्क त्या द्रवापेक्षा या पडद्यात लवकर शिरतो, पडदा हलका होतो, आणि शरीर फिरत नसतानाही फिरत असल्याचा संदेश मेंदूला जातो. जमिनीवर डोळे आणि तळपाय ती चूक सावरून घेतात. पाण्याखालच्या अंधारात सावरायला काहीच नसते, म्हणून वर कुठे आणि खाली कुठे हेच न कळून माणूस खाली हात मारू शकतो.

थंडीचेही तसेच आहे. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते, पण प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर पडत असते. आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. गार पाण्यात पडताक्षणी माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पुढचे सांगायला नको.

चालकाविषयी एक विनंती आहे. आपली माणसे प्रेमळ असतात, 'दादा, घ्या की थोडी' असा आग्रह करतात, आणि पर्यटकाला नाराज करायचे नाही म्हणून एखादा नाही म्हणू शकत नाही. तो आग्रह कृपा करून करू नका. निघण्यापूर्वीच त्याच्या तोंडाला वास येत असेल, तर वाद न घालता दुसरी लाँच मागा. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. वासोट्याचा परिसर कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे दारू नेता येत नाही हेही ध्यानात असू द्या. परत आल्यावर कासचा घाट उतरून सातारा गाठायचा असेल तर गाडी चालवणाऱ्याने रात्रीही घेऊ नये. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे.

जॅकेट अंगात घाला आणि पट्टे आवळा. कोणी पडलाच तर उडी मारू नका; दोर, बांबू, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते द्या. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला लागा. श्वास चालू असून तो बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. १०८ ला फोन लावाच, पण जलाशयाच्या मधोमध रेंज मिळेल यावर विसंबू नका. त्यासाठी निघतानाच धक्क्यावर किती जण जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे सांगून ठेवा.