‘सिन्स एजेस’ की ‘फॉर एजेस’?

‘आय अॅम वेटिंग सिन्स एजेस’ हे वाक्य बरोबर आहे का आणि ‘एजेस’ म्हणजे नेमका किती काळ, असे आपण विचारले आहे. हे वाक्य भारतात सर्रास ऐकू येते. प्रमाण इंग्रजीत मात्र ते ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर एजेस’ असे होईल, म्हणजे दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागेल.

‘सिन्स’नंतर काळाचा आरंभबिंदू येतो, जसे सोमवार किंवा २०१५ हे साल, आणि ‘फॉर’नंतर कालावधीची लांबी येते. ‘एजेस’ ही लांबी आहे. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी ‘पासून’ चालत असल्यामुळे आपली गफलत होते. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडचे लोकही इंग्रजी बोलताना नेमके इथेच अडखळतात, तेव्हा हा केवळ आपला दोष समजण्याचे कारण नाही. माझ्या मते अधिक चिवट सवय क्रियापदाची आहे. ‘मी केव्हाची वाट पाहत आहे’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, पण मागे सुरू होऊन अजून चाललेल्या क्रियेसाठी इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागते. क्रिया संपलेली असेल, तर साध्या भूतकाळासह ‘एजेस अगो’ म्हणावे.

किती काळ, याला मोजमाप नाही. बसथांब्यावरची वीस मिनिटे आणि वर्गमित्राची न झालेली वीस वर्षांची भेट, दोन्हींना ‘एजेस’ चालते, कारण त्यातून घड्याळापेक्षा बोलणाऱ्याचा कंटाळा किंवा हुरहुर कळते. म्हणूनच अर्ज, तक्रार किंवा आजाराची माहिती लिहिताना हा शब्द टाळून आकडा द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी करून घेण्यास सांगतात. तिथे ‘फॉर एजेस’ ऐकून डॉक्टरांना पुन्हा विचारावेच लागेल.

नकारार्थी वाक्यात अमेरिकी लोक बहुधा ‘इन एजेस’ म्हणतात, तेही बरोबरच आहे. मात्र मध्ये ‘द’ घालू नये, कारण ‘फॉर द एजेस’ म्हणजे युगानुयुगे लक्षात राहील असे काही, आणि बसची वाट पाहणे सहसा त्या योग्यतेचे नसते.