वाचकांचे प्रश्न : पोरं बघतात ते जातं कुठं?

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा मुलगा चिडला की पायातली चप्पल काढून उगारतो. आमच्यात कुणी कुणावर हात टाकत नाही. गल्लीतलं एक भांडण त्यानं गॅलरीतून पाहिलं होतं, तेवढंच. एकदा बघून मूल एवढं शिकतं? रागावलो की दोन दिवस गप्प असतो, मग पुन्हा तेच.
– एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : शिकतं, आणि बारकाव्यांसकट. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं घेऊन हेच तपासलं. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवेच्या बाहुल्याला हातोडीनं बडवत होतं, तोंडानं ठरावीक शब्द म्हणत होतं. बघणं जेमतेम दहा मिनिटांचं. नंतर खेळायला सोडल्यावर त्यातल्या बऱ्याच मुलांनी तोच मारा केला, तेही त्याच शब्दांसकट.

तुमच्या ‘दोन दिवस गप्प’चं उत्तर त्यांच्या १९६५ च्या प्रयोगात आहे. बडवणाऱ्याला शेवटी ओरडा बसतो अशी फिल्म ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘पाहिलंस ते करून दाखव, सरबत आणि स्टिकर देतो’ म्हटल्यावर त्यांनाही बाकीच्यांइतकंच आठवत होतं. तुमचा मुलगाही विसरलेला नसतो. तसं केल्यावर काय मिळतं, ते बघत असतो.

चप्पल उगारली की मनगट धरा, चप्पल काढून दाराबाहेर ठेवा, ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणा. लांबलचक समजावणी नको, कारण तेवढा वेळ अख्खं घर त्याच्याभोवती असतं. ‘मामाला दाखव कसं करतोस’ हे तर मोठंच बक्षीस. चापट मारलीत, तर मोठ्यानं लहानाला मारलेलं चालतं एवढंच त्याला दिसेल.

नुसतं बंद करून भागत नाही, त्या जागी काय करायचं तेही दिसावं लागतं. तुम्हाला खरंच राग येईल तेव्हा त्याला ऐकू जाईल असं म्हणा : ‘मला राग आलाय, मी जरा खिडकीपाशी जाते.’ आणि जा. बाबांनीही हेच करावं. दोन-तीन माणसांत दिसलेलं लवकर उचललं जातं. तो शांत असताना हाच खेळ दोन-तीनदा खेळून घ्या. सुरुवातीचे काही दिवस उगारणं वाढेलसुद्धा. त्यातल्या एखाद्या दिवशी कंटाळून त्याचा हट्ट पुरवलात, तर सवय आणखी घट्ट होईल.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातीला मोबाइलवर बडबडगीतं लावून दिली तर लवकर बोलेल का?
– आजोबा, राजारामपुरी

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. या वयात मूल पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त घेतं. भाजी निवडताना तिच्या हातात मेथीची काडी द्या, ‘मेथी’ म्हणा आणि तिचे ओठ हलेपर्यंत थांबा. पडदा थांबत नाही.

प्रश्न : वस्तादांनी एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा कुस्तीतला डाव) दाखवला की कळतो. मोबाइलवरही पन्नास वेळा पाहिला. पण हौद्यात (आखाड्याच्या मातीत) उतरलो की जमत नाही.
– एक पैलवान, करवीर तालुका

उत्तर : बघून डावाचा क्रम कळतो, तोल आणि जोर कळत नाही. पन्नासदा पाहिल्यानं ‘येतंय’ असं वाटायला लागतं, हा त्यातला धोका. एका वेळी सगळं बघू नका : आधी फक्त पाय, मग कंबर, मग पकड. समोर उभं राहून पाहिलं तर उजवं-डावं उलटतं, म्हणून वस्तादांच्या पाठीमागे उभे राहा. बघून झालं की क्रम स्वतःच्या शब्दांत पुटपुटा आणि लगेच, प्रतिकार न करणाऱ्या जोडीदारावर, संथपणे दहा वेळा करा. बहुतेकांचं बिघडतं ते इथं : गुडघे न वाकवता कमरेतून वाकतात, मान खाली जाते आणि समोरचा वरून दाबतो. वस्तादांचा पट इतका सफाईदार असतो की गुडघे कधी वाकले ते दिसतच नाही. म्हणून तुमच्याच जोडीचा एखादा चुकत, सुधारत शिकत असेल तर त्याच्याकडेही बघा.