गोव्यात खाडीवरच्या पुलाला आणि काँक्रीट रस्त्याला कमी कार्बनचं सिमेंट चालेल का? ताकद कमी पडत नाही ना?

चालेल, आणि खाऱ्या हवेत तर मी तेच वापरा म्हणेन. 1986 साली मांडवीवरचा जुना पूल कोसळला तो आतलं पोलाद गंजल्यामुळे. आपल्याकडे खरा शत्रू मीठ आहे. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा भाजलेली माती घातलेलं काँक्रीट जास्त घट्ट होतं, मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत सहज पोचत नाही.

कार्बन कमी कसा होतो? क्लिंकरसाठी, म्हणजे सिमेंटच्या मूळ भाजलेल्या घटकासाठी, चुनखडी साधारण 1450 अंशांवर भाजतात. त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड इंधनाचा नसून चुनखडीतूनच सुटतो. म्हणून क्लिंकरच कमी करायचं. एलसी3 (चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं) सिमेंटमध्ये ते जेमतेम 50 टक्के असतं. बाकी 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के चुनखडी, 5 टक्के जिप्सम. माती 700 ते 850 अंशांवर भाजली की पुरते. भारतात या सिमेंटसाठी आयएस 18189 हे मानक 2023 मध्ये आलं.

अडचण सुरुवातीच्या ताकदीची, विशेषतः स्लॅगमध्ये. आमच्या एका साकवाच्या कामावर ठेकेदाराने घाईत काँक्रीटवरची ओली गोणपाटं चौथ्या दिवशीच काढली. वरचा थर नखाने खरवडला तरी पूड निघत होती. तेवढा भाग फोडावा लागला. आत मात्र स्लॅगचा निळसर-हिरवा रंग, दगडासारखा टणक. निदान 10 दिवस पाणी मारा, पुलाला मी 14 धरतो. रस्ता वाहनांना खुला करण्याआधी क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजणं) बघा, तारीख नको.